दुसरी ओळ



वार्षिकासाठीं "यंदा कांहीं तरी उपयुक्त लिहा" अशी संपादकमंडळाची आज्ञा झाली, तेव्हां ज्या विषयाकडे अलीकडे माझें मन वारंवार वळतें तोच घ्यावा असें मीं ठरविलें. विषय दिसावयास अगदीं क्षुल्लक आहे. संगणकाच्या पडद्यावरील खिडकींत एकाहून अधिक ओळींचा मजकूर कसा मांडावा, एवढाच. कविता, सहलींच्या हकीकती आणि क्रीडावृत्त यांच्या पंक्तीला हा विषय बसेल कीं नाहीं, अशी मलाहि प्रथम शंका वाटली. परंतु गेल्या पावसाळ्यांत शाळेच्या दाराशीं जी एक लहानशी गोष्ट घडली, तिनें ती शंका पार नाहींशी केली. ती गोष्ट सांगण्यापूर्वीं माझें मत सांगून टाकतों, म्हणजे पुढील विवेचन कोणत्या दिशेनें चाललें आहे हें वाचकांना कळेल. माझें मत असें कीं, प्रोग्रॅम लिहिण्याचें शिक्षण पहिल्या ओळीनें सुरू होत नाहीं. तें दुसऱ्या ओळीनें सुरू होतें.

संगणकाच्या वर्गांत मूल पहिल्या दिवशीं 'नमस्कार' हा एक शब्द पडद्यावर उमटवितें आणि आनंदानें टाळ्या वाजवितें. ही चाल जुनी आहे. ब्रायन कर्निहन आणि डेनिस रिची यांचें 'सी' भाषेवरील पुस्तक १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील पहिलें उदाहरण जगाला अभिवादन करणाऱ्या दोन शब्दांचें आहे, आणि तेव्हांपासून असंख्य नवशिक्यांनीं तोच धडा गिरविला आहे. परंतु त्या उदाहरणांतील एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेंतून निसटते. त्या दोन शब्दांच्या शेवटीं नवी ओळ सुरू करणारें चिन्ह मुद्दाम लिहिलेलें आहे, आणि तें गाळल्यास यंत्र आपण होऊन ओळ बदलीत नाहीं, असें ग्रंथकारांनीं तेथेंच बजावलें आहे. म्हणजे ज्या धड्याला आपण एका ओळीचा धडा समजतों, त्यांतहि पुढच्या ओळीची तरतूद आहे. आम्हां शिकविणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं मात्र शब्द उचलले आणि तें चिन्ह मागें ठेवलें. मीहि त्यांतलाच एक.

आतां ती गोष्ट सांगतों. शाळेच्या दाराशीं एक जुना संगणक ठेवून त्याच्या पडद्यावर पालकांसाठीं सूचना दाखवाव्या, अशी योजना निघाली. काम नववींतील एका हुशार मुलाकडे दिलें. त्यानें पायथन भाषेंत, त्या भाषेबरोबरच मिळणाऱ्या टीकेइंटर या साहित्याच्या मदतीनें, एक सुबक खिडकी तयार केली. तींत मजकुरासाठीं एक लेबल ठराविक जागीं बसविलें. मला दाखविली तेव्हां त्या खिडकींत "शाळेंत आपलें स्वागत आहे" एवढेच शब्द होते. अक्षर ठसठशीत, रंग डोळ्यांना सौम्य. मीं त्याची पाठ थोपटली आणि संमति दिली.

पुढच्या आठवड्यांत कार्यालयानें त्या खिडकींत फीच्या सवलतीची सूचना घातली. सूचना सात ओळींची होती. अक्षर मोठें आणि खिडकी ठरलेल्या मापाची, त्यामुळें पहिल्या पांच ओळी दिसल्या. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडावा, ही सहावी ओळ आणि अर्ज शुक्रवारपर्यंत पोंचता करावा, ही सातवी ओळ, या दोन्ही खिडकीच्या खालच्या कडेमागें राहिल्या. पांचवी ओळ नेमकी पूर्ण वाक्यानें संपत होती, म्हणून खालीं आणखी कांहीं आहे अशी शंकाहि कोणाला आली नाहीं. यंत्रानें चूक दाखविली नाहीं. घंटा वाजली नाहीं कीं तांबडें अक्षर उमटलें नाहीं.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या आई सकाळीं चार घरीं स्वयंपाक करून मुलाला शाळेंत पोंचवितात. त्या दाराशीं उभ्या राहिल्या, त्यांनीं सूचना वाचली आणि सोमवारीं अर्ज घेऊन आल्या. दाखला नव्हता आणि मुदतहि उलटून गेली होती. "सर, तिथं एवढंच लिहिलं होतं. मी सगळं वाचलं," असें त्या म्हणाल्या. त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. जेवढें वाचतां येण्याजोगें होतें तेवढें सर्व त्यांनीं वाचलें होतें. मुख्याध्यापकांनीं मुदत वाढवून दिली आणि अर्ज स्वीकारला. परंतु दाखल्यासाठीं तहसील कचेरींत घाईनें दोन खेपा झाल्या आणि त्या बाईंचे दोन दिवसांचें काम बुडालें. मुलाला बोलावून विचारलें, तर तो गोंधळून म्हणाला, "पण सर, प्रोग्रॅम तर बरोबर चालत होता!" त्याला रागें भरण्याचा अधिकार मला नव्हता. एका ओळीवर परीक्षा घेऊन सात ओळींना उत्तीर्ण करणारा परीक्षक मीच होतों.

तेव्हांपासून मीं या विषयाचा अभ्यास नव्यानें केला. त्यांत प्रथम हें ध्यानांत आलें कीं, आपण 'ओळ' हा एकच शब्द दोन निराळ्या वस्तूंसाठीं वापरतों. एक ओळ लेखकानें मोडलेली असते. कवितेचा चरण, पत्रावरील पत्ता, वेळापत्रकांतील तास, या ओळी जेथें संपतात तेथें त्या संपल्याच पाहिजेत. त्यांत अर्थ आहे. दुसरी ओळ कागदानें मोडलेली असते. गद्य लिहितांना कागदाची कड आली म्हणून आपण खालीं वळतों. त्या वळण्याला कांहीं अर्थ नसतो. आंतर्देशीय पत्रावर जागा संपली कीं आमचे वडील समासांतून उभें लिहीत जात. मजकूर तोच, फक्त कागदानें त्याला वळविलें. पहिलीला आपण लेखकाची ओळ म्हणूं आणि दुसरीला कागदाची ओळ म्हणूं.

हा भेद नवा नाहीं. जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांना ठाऊक आहे कीं, ओवी संपली म्हणून तेथें ओळ मोडीत नसत. लिहिणारा पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग लिहीत जाई. ओवी कोठें संपली हें दंडावरून आणि आंकड्यावरून कळे. म्हणजे कागदाची ओळ कागदानें ठरविली आणि लेखकाची ओळ दंडानें राखली. दोहोंची गल्लत झाली नाहीं. छापखाना आल्यावर प्रत्येक चरण वेगळ्या ओळींत बसूं लागला, आणि मग ओळ मोडणें हाच जणूं दंड, असें आपल्या डोळ्यांना वळण लागलें. संगणकावर लिहूं लागलेल्या मुलाची पहिली अडचण हीच असते. तो दोन्ही ओळींना एकच समजतो.

संगणकाच्या पोटांत ओळ नांवाची वस्तूच नाहीं. तेथें मजकूर म्हणजे आंकड्यांची एक लांबच लांब माळ असते. प्रत्येक अक्षराला एक आंकडा, तसाच ओळ मोडण्याच्या खुणेलाहि एक आंकडा. अमेरिकेंत १९६३ सालीं ठरलेल्या 'आस्की' या संकेतांत १० हा आंकडा 'कागद एक ओळ वर सरकव' या अर्थाचा आणि १३ हा आंकडा 'छापणारी गाडी डाव्या कडेला परत आण' या अर्थाचा आहे. टंकलेखनयंत्रावर डावीकडचा दांडा ओढला कीं या दोन्ही क्रिया एकदम होत; परंतु तारेनें चालणाऱ्या छापयंत्रांत त्या वेगळ्या आज्ञा होत्या. त्या काळचें टेलिटाइपचें ३३ क्रमांकाचें यंत्र सेकंदाला १० अक्षरें छापीत असे. गाडी उजव्या टोंकापासून डाव्या टोंकाला यावयास एका अक्षराच्या वेळेहून अधिक वेळ लागे, म्हणून आधीं गाडी परतविण्याची आज्ञा आणि मग कागद सरकविण्याची, असा क्रम पडला.

तीं यंत्रें आतां संग्रहालयांत गेलीं. त्यांची संवय मात्र राहिली. विंडोजनें दोन्ही खुणा ठेवल्या, युनिक्स व तिच्या वंशांतील लिनक्स यांनीं फक्त १० ठेवला आणि जुन्या मॅकिंटॉशनें फक्त १३. पुढें २००१ सालीं आलेल्या मॅकच्या नव्या प्रणालीनें १० चा मार्ग धरला. या तीन रीतींमुळें किती मुलांनीं "सर, माझी फाईल बिघडली" म्हणून डोळ्यांत पाणी आणलें असेल, तें मीं पाहिलें आहे. लिनक्सवर लिहिलेली फाईल विंडोजच्या नोटपॅडमध्यें उघडली कीं सगळ्या ओळी एकमेकींना चिकटून एकच लांब ओळ दिसे. फाईल बिघडलेली नसे. एकाची खूण दुसऱ्याला कळत नसे इतकेंच. नोटपॅडला ही खूण ओळखण्याची विद्या २०१८ सालीं देण्यांत आली. म्हणून मी मुलांना आरंभींच सांगतों कीं, ओळ मोडणें हें एक अदृश्य अक्षर आहे. तें डोळ्यांना दिसत नाहीं, पण मोजतांना मोजावें लागतें आणि लिहितांना लिहावें लागतें.

आतां त्या नववींतील मुलाच्या साधनांकडे वळूं. कारण हा भेद न कळल्यामुळें होणाऱ्या चुका तेथें जशा स्पष्ट दिसतात तशा अन्यत्र क्वचित् दिसतील. पायथनमध्यें अवतरणचिन्हांत लिहिलेल्या मजकुरांत लेखकाची ओळ मोडावयाची असेल, तर उलट्या दिशेची तिरकी रेघ आणि तिला जोडून 'एन्' हें इंग्रजी अक्षर लिहावें लागतें. पुष्कळ मुलें रेघ सुलट दिशेची काढतात. मग ओळ न मोडतां तीं दोन्ही अक्षरेंच पडद्यावर उमटतात. दुसरी सोय म्हणजे तीन-तीन अवतरणचिन्हें. त्यांच्या आंत मजकूर जसा लिहावा तसाच राहतो. परंतु 'तसाच' या शब्दाचा अर्थ यंत्र फार काटेकोरपणें घेतें. आरंभींच्या तीन चिन्हांपुढें ओळ बदलली तर वर एक कोरी ओळ येते, आणि प्रोग्रॅम नीटनेटका दिसावा म्हणून डावीकडे सोडलेल्या मोकळ्या जागाहि मजकुराबरोबर पडद्यावर येतात. त्या काढून टाकण्यासाठीं पायथनच्या 'टेक्स्टरॅप' या भागांत 'डिडेंट' नांवाचें साधन आहे.

टीकेइंटरमध्यें मजकुरासाठीं मुख्य साधनें तीन. 'एंट्री' एका ओळीपुरतीच आहे. नांव किंवा हजेरी-क्रमांक लिहून घेण्यास ती योग्य. 'लेबल' लहान मजकूर दाखविण्यास आहे. तें लेखकाच्या ओळी पाळतें; परंतु कागदाच्या ओळी सांगितल्याशिवाय मोडीत नाहीं. त्यासाठीं 'रॅपलेंग्थ' हें रुंदीचें माप द्यावें लागतें. तें न दिल्यास शून्य धरलें जातें, आणि शून्याचा अर्थ 'मुळींच वळवूं नकोस' असा आहे. मग लांब वाक्य खिडकीच्या उजव्या कडेपलीकडे निघून जातें. शिवाय लेबलांतील ओळी, निराळें सांगितलें नाहीं तर, मध्यावर जुळविल्या जातात. चार ओळींची सूचना लग्नपत्रिकेसारखी दिसूं लागली कीं मुलें चकित होतात. त्यावर 'जस्टिफाय' हा गुण डावीकडचा करावा.

तिसरें साधन 'टेक्स्ट'. लांब मजकुरासाठीं खरें साधन हेंच. तें कागदाच्या ओळी आपण होऊन मोडतें. मात्र निराळें न सांगितल्यास शब्दाच्या मधोमधहि मोडतें, म्हणून 'रॅप' या गुणापुढें 'वर्ड' असें लिहून पूर्ण शब्द राखावयास सांगावें. त्याची मोजण्याची रीत विचित्र आहे. ओळी १ पासून मोजतात आणि अक्षरें ० पासून, म्हणून अगदीं आरंभाची जागा '१.०' होते. वाचणाऱ्यानें मजकूर बदलूं नये म्हणून तें कुलूपबंद करतां येतें. परंतु कुलूप लावल्यावर प्रोग्रॅमनें आंत मजकूर घालावयाचा प्रयत्न केला तर तोहि मुकाट्यानें नाकारला जातो. आधीं मजकूर, मग कुलूप. हा क्रम चुकल्यामुळें पांढऱ्या कोऱ्या चौकटीकडे टक लावून बसलेलीं मुलें मीं दर वर्षीं पाहतों.

या टेक्स्टमध्यें मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ओळींमधील अंतराचीं तीन मापें. पहिलें माप लेखकाच्या ओळीच्या वर किती जागा सोडावी तें सांगतें, तिसरें तिच्या खालीं किती सोडावी तें सांगतें, आणि मधलें माप त्याच एका ओळीच्या वळलेल्या पट्ट्यांमध्यें किती अंतर असावें तें ठरवितें. म्हणजे ज्यांनीं हें साधन घडविलें त्यांना लेखकाची ओळ आणि कागदाची ओळ या निराळ्या आहेत हें पक्कें ठाऊक होतें. पोथी लिहिणाऱ्यालाहि तें ठाऊक होतें. मध्यें आमचा वर्गच तेवढा विसरला होता.

या विसराचें एक उदाहरण देतों. एका मुलानें चौदा ओळींची कविता दाखविण्यासाठीं चौदा लेबलें एकाखालीं एक मांडलीं. पडद्यावर कविता छान दिसली. पुढें तिसरी ओळ राहून गेल्याचें लक्षांत आलें, तेव्हां खालचीं सर्व लेबलें एक-एक पायरी उतरवितांना त्याचा तास संपला. दुसऱ्या एकीनें उलट चूक केली. आपल्या निबंधांतील प्रत्येक ओळ तिनें घरच्या पडद्यावर जेथें संपत होती तेथें नवीन ओळीची खूण घालून मोडली. शाळेच्या अरुंद पडद्यावर तोच निबंध आला, तेव्हां एक ओळ लांब आणि पुढची दोन शब्दांची, अशी दातपडकी रांग झाली. पहिल्यानें लेखकाच्या ओळींना स्वतंत्र वस्तू मानलें. दुसरीनें कागदाच्या ओळीला लेखकाची मानलें. दोघेहि मेहनती होते. नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता. नियम एवढाच: ज्या ठिकाणीं अर्थ थांबतो तेथें ओळ आपण मोडावी, आणि ज्या ठिकाणीं जागा संपते तेथें ती यंत्राला मोडूं द्यावी.

आपल्या मराठीसाठीं आणखी एक सावधगिरी हवी. 'क्षि' हें आपल्या दृष्टीनें एक अक्षर. पायथनला विचाराल तर तें चार मोजतें: क, हलन्ताची खूण, ष आणि वेलांटी. म्हणून 'चाळीस अक्षरांवर ओळ मोड' असें मोजून सांगणारे उपाय मराठींत फसतात. जोडाक्षरांची ओळ आंखूड पडते आणि साध्या अक्षरांची लांब जाते. अक्षरें मोजण्याच्या भानगडींत न पडतां, पडद्यावरील प्रत्यक्ष रुंदी मोजणाऱ्या साधनावर ओळ मोडण्याचें काम सोंपवावें. तसेंच वर वेलांट्या-मात्रा आणि खालीं उकार असल्यामुळें आपल्या ओळींना इंग्रजीपेक्षां अधिक मोकळी जागा लागते. दाटीनें बसविलेली मराठी वाचतांना म्हाताऱ्या डोळ्यांना किती त्रास होतो, हें घरांतील आजीला विचारावें.

कांहीं विद्वान् मित्र म्हणतात, एवढ्या बारीक गोष्टीसाठीं लेख कशाला? तयार कृति द्यावी, मुलांनीं ती उतरून घ्यावी, काम झालें. हल्लीं तर नुसतें विचारल्याबरोबर सबंध प्रोग्रॅम लिहून देणारीं यंत्रें निघालीं आहेत. त्यांना सांगितलें कीं टेक्स्ट, कुलूप, जस्टिफाय सर्व कांहीं क्षणांत हजर. त्यांचें म्हणणें मी टाकाऊ समजत नाहीं. तयार कृतीचा उपयोग मीहि करतों. परंतु दाराशीं सूचना कोण वाचणार, उभ्यानें कीं बसून, चष्म्यासह कीं चष्म्याशिवाय, सूचनेंतील कोणती ओळ हुकली तर कोणाचे दोन दिवस बुडतील, हें त्या यंत्राला कोणी सांगावयाचें? ज्याला हें प्रश्न सुचतात तोच तें सांगूं शकेल. आणि ज्याच्या प्रोग्रॅममध्यें कधीं दुसरी ओळ आलीच नाहीं, त्याला ते सुचावे कोठून? एका शब्दाच्या 'नमस्कारा'ला वाचक लागत नाहीं. लिहिणाराच तो पाहून संतुष्ट होतो. दुसरी ओळ आली कीं, ती कोठें मोडावी, कोणत्या बाजूला जुळवावी, मावेल कीं नाहीं आणि न मावल्यास वाचणाऱ्याला कसें कळेल, हे सर्व प्रश्न एकदम उभे राहतात. ते सर्व वाचणाऱ्याचे प्रश्न आहेत.

त्या मुलानें पुढें काय केलें, तें सांगितल्याखेरीज हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं. त्यानें लेबल काढून टेक्स्ट घातलें आणि बाजूला वरखालीं सरकविण्याची पट्टी लावली. मीं म्हटलें, "ठीक आहे, पण दाराशीं माऊस कोठें आहे?" तो हंसला आणि पुन्हां कामाला लागला. टेक्स्टला 'किती भाग दिसतो आहे' असें विचारतां येतें; तें दोन अपूर्णांक परत देतें, दिसणारा भाग कोठून सुरू होतो आणि कोठें संपतो. दुसरा आंकडा एकाहून कमी असला कीं खालीं कांहीं तरी लपलें आहे, असें समजावें. (हें विचारावयाचें तें खिडकी पडद्यावर प्रत्यक्ष मांडून झाल्यावर, आधीं विचारल्यास उत्तर फसवें येण्याचा संभव असतो.) त्याचा प्रोग्रॅम आतां प्रत्येक सूचनेच्या वेळीं हा प्रश्न विचारतो. मजकूर मावत नसेल तर अक्षर एक माप लहान करतो; ठरलेल्या मर्यादेपेक्षां लहान करावें लागलें तर सूचनेचीं दोन पानें पाडतो आणि पहिल्या पानाच्या तळाशीं 'पुढें पाहा' असें ठळक लिहितो. एवढें झाल्यावर त्यानें स्वतः होऊन मजजवळ एक मागणी केली. "सर, परीक्षेसाठीं तुमच्याकडची सर्वांत लांब सूचना द्या." त्या दिवशीं मला वाटलें कीं, हा मुलगा आतां प्रोग्रॅम लिहावयास शिकला.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांला माझें सांगणें थोडकें आहे. आपला प्रोग्रॅम 'नमस्कारा'वर तपासूं नका. शाळेंतील सर्वांत लांब नांव, सर्वांत लांब सूचना आणि जोडाक्षरांनीं भरलेलें वाक्य घेऊन तपासा. खिडकी लहान करून पाहा, अक्षर मोठें करून पाहा. आणि शेवटची ओळ दिसते कीं नाहीं, हें स्वतः न पाहतां ज्याला तो मजकूर ठाऊक नाहीं अशा दुसऱ्या कोणाला तरी वाचावयास लावा. कारण जें आपण लिहिलें तें न दिसलें तरी आपल्या डोळ्यांना दिसतें.

पालकहो, तुमच्यापाशींहि एक विनंती आहे. मूल घरीं येऊन "मीं प्रोग्रॅम केला" असें सांगेल, तेव्हां "गुण किती मिळाले?" हा प्रश्न थोडा वेळ बाजूस ठेवा. त्याच्याजवळ बसा आणि पडद्यावर जें असेल तें मोठ्यानें वाचा. तुम्हांला संगणकांतलें कांहीं कळत नाहीं, असें म्हणून संकोचूं नका. तुम्हांला वाचतां येतें, आणि या परीक्षेला तेवढीच पात्रता लागते. जेथें तुम्ही अडखळाल तेथें मुलाला खूण करावयास सांगा.

गेल्या महिन्यांत सवलतीची नवीन सूचना लागली. ती दोन पानांची होती. त्या बाई दाराशीं उभ्या राहिल्या, पहिलें पान वाचलें, 'पुढें पाहा' हे शब्द वाचले आणि दुसरें पान येईपर्यंत थांबल्या. मग पिशवींतून मुलाची वही काढून तिच्या मागच्या पानावर त्यांनीं शेवटच्या दोन ओळी उतरून घेतल्या. शुक्रवारीं दाखल्यासह अर्ज कार्यालयांत आला. तो मुलगा त्या वेळीं वर्गांत होता, म्हणून त्यानें हें पाहिलें नाहीं, मीं पाहिलें. त्याला कळावें, म्हणून येथें लिहून ठेवीत आहें.